आठ अक्षरांच्या आजूबाजूला

“अन् बाजूला कोण आहे?”

हा प्रश्न विचारताना ताई मान किंचित डावीकडे कलती करत आणि चष्म्यातून न पाहता चष्म्याच्या वरून पाहत. समोर काय आहे, हे जाणून घेण्याची त्यांना कधी घाई नसे. कुणाच्या लग्नाचा फोटो दाखवला, तर नवरा-नवरीवर त्यांची नजर क्षणभर टेकायची आणि लगेच कडेच्या, चौकटीत अर्ध्याच मावलेल्या माणसाकडे सरकायची. टोमॅटो नासले म्हटले, की ते कशाला लागून ठेवले होते, याची चौकशी व्हायची. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात एक बाई मला टोचून बोलली, म्हणून एकदा गाडीत मी फणफणत होते. ताईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“ते सोड. ती बोलली तेव्हा तिच्या बाजूला कोण उभं होतं?”

“तिची सासू.”

“मग झालं तर! ती तुला नाही बोलली, बाई. सासूला ऐकवून राहिली होती.”

तुमच्याही ओळखीत अशी माणसे असतील. सगळे जण चित्र पाहत असताना ती भिंत पाहतात. ताईंच्या बाबतीत मात्र हा नुसता स्वभाव नव्हता, तो त्यांचा व्यवसायही होता.

आमची ओळख एका गाडीमुळे झाली. मी मराठी कवितेत एम.ए. केलेले. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमागून टेक्सासमधल्या शुगर लँडला आले आणि काम करण्याचा परवाना हाती येईपर्यंत तीन वर्षे घरातल्या वातानुकूलित शांततेत बसून राहिले. २००४मध्ये परवाना आला, तेव्हा ह्यूस्टनमधल्या एका संशोधन प्रयोगशाळेत कार्यालयीन मदतनीसाची जागा मिळाली. मागणीपत्रे भरायची, मजकूर टाइप करायचा, फाइली लावायच्या. त्याच प्रयोगशाळेत ताई संशोधक होत्या आणि राहत होत्या आमच्याच अपार्टमेंटमध्ये, दोन इमारती सोडून. मूळच्या नागपूरच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. यजमान नागपुरात सरकारी नोकरीत, आणि शाळकरी मुलगी इथे त्यांच्यापाशी.

फ्रीवेवर दोन माणसांच्या गाडीला डावीकडची मोकळी लेन मिळते. एकट्या माणसाने मात्र उजवीकडच्या गर्दीत तासभर तापत बसायचे. ताईंनी पहिल्याच आठवड्यात मला गाडीत घातले आणि सगळ्यांना सांगून टाकले, “ही माझी लेन.” मी रजेवर असले, की त्या प्रयोगशाळेत उशिरा पोचत आणि दारातूनच जाहीर करत, “आज लेन घरी झोपून राहिली आहे.”

तिथला उन्हाळा मला आजही त्वचेवर आठवतो. इमारतीचे दार ढकलून बाहेर पाऊल टाकले, की ताईंचा चष्मा एकदम पांढरा होई. त्या तशाच, आंधळ्यासारखा हात पुढे करून, हसत उभ्या राहत. “थांब, जग येऊन राहिलं,” म्हणत. काचांवरची वाफ कडेकडून विरू लागे, आधी आकाश दिसे, मग गाड्या, मग मी. त्यांच्या हातांना हातमोज्यांच्या भुकटीचा आणि त्याखाली सकाळच्या फोडणीचा वास असे. कोथिंबिरीला त्या सांभार म्हणत आणि मेक्सिकन दुकानातल्या जुड्या आणून रविवारी सांभारवडी करत. सोमवारी गाडीत त्या वासाचा एक तिसरा प्रवासी असे.

आपले काम त्यांनी मला गाडीतच समजावले. पेशीत हजारो जनुके असतात, पण सगळी एकाच वेळी बोलत नाहीत. प्रत्येक जनुकाच्या आधी डीएनएचा एक भाग असतो, त्याला प्रमोटर म्हणतात. एखादे प्रथिन येऊन तिथे ठरावीक जागी बसले, की जनुक जागे होते. ताईंचे प्रथिन आठ अक्षरे ओळखत असे. ए, टी, जी आणि सी या चारच अक्षरांत लिहिलेल्या अफाट मजकुरातून ते नेमकी ती आठ अक्षरे हुडकून त्यांना बिलगे.

“पण ती आठ अक्षरं तर हजार ठिकाणी असतील,” मी म्हटले.

“असतात नं. एका ठिकाणी बसते, दुसरीकडून सरळ निघून जाते. काहून?” त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. “आजूबाजूच्या अक्षरांमुळे. त्यांना ते शिवतही नाही, बरं का. पण त्यांच्यामुळे डीएनएला बाक येतो, कुठं खाच अरुंद होते, कुठं रुंद. खुर्ची तीच असते बाप्पा, पण कोपऱ्यात खुपसून ठेवली तर तुला बसवेल का?”

मला हे पटायला वेळ लागला नाही. कवितेतला एकच शब्द शेजारच्या शब्दाने कसा उजळतो किंवा विझतो, एवढेच तर मी दोन वर्षे शिकले होते.

प्रयोगासाठी लागणाऱ्या डीएनएच्या छोट्या पट्ट्या बाहेरून तयार करून मागवाव्या लागत. एक अक्षर चुकले, तरी सगळे वाया. म्हणून ताईंची एक पद्धत होती. मागणीपत्र पाठवण्यापूर्वी त्या आपल्या वहीतून अक्षरे मोठ्याने वाचत आणि मी छापील कागदावर एकेका अक्षराखाली पेन्सिलीचा ठिपका देत जाई. चार अक्षरे, मग एक बारीक श्वास, पुन्हा चार. प्रयोगशाळेतली तरुण मंडळी हसत, हे काम संगणक करतो म्हणत. ताई त्यांना म्हणत, “संगणकाला कंटाळा येत नाही म्हणून तो चूकही कंटाळ्याशिवाय करते.” मला ते वाचन आवडे. अर्थाचा भार नसलेली, नुसत्या यतीवर चालणारी ती कविता होती आणि ताईंच्या नागपुरी आवाजात तिला गोडवा होता.

२००६च्या वसंतात ताईंचा मोठा शोधनिबंध तयार होता. त्यांचे प्रथिन एका महत्त्वाच्या जनुकाच्या प्रमोटरवर घट्ट बसते, म्हणजे ते जनुक त्याच्याच हुकमतीत आहे, असा त्याचा दावा. या निबंधावर फार काही टांगलेले होते. ताईंच्या व्हिसाची सहा वर्षे पुढच्या जूनमध्ये संपत होती. त्याच्या वर्षभर आधी ग्रीन कार्डाचा अर्ज दाखल झाला, तरच पुढे राहता येणार होते, आणि अर्ज टिकायला हा निबंध स्वीकारलेला हवा होता. नाही तर परत. मुलगी नववीत होती, शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होती आणि मराठी ऐकून उत्तरे इंग्रजीत देत होती.

एकच गोष्ट ताईंना खुपत होती. परीक्षानळीत प्रथिन पट्टीवर जोरात बसे, पण जिवंत पेशीत ते जनुक त्याला दादच देत नव्हते. “पेशी लबाड असते,” साहेब म्हणत. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, काउबॉय बूट घालणारे, उंच, मृदू टेक्सन वृद्ध. ताई त्यांच्या माघारी त्यांना ‘म्हातारा’ म्हणत, आणि ते ताईंना तोंडावर ‘यंग लेडी’ म्हणत.

शेवटच्या पडताळणीसाठी ताईंनी नव्या पट्ट्या मागवायला घेतल्या. आठ अक्षरांतले एकेक अक्षर बदललेल्या आठ पट्ट्या. आम्ही वाचायला बसलो. पाचव्या ओळीला मी सहज म्हटले, “ताई, प्रत्येक ओळ जी-जी-ए-टी-सी-सीनेच सुरू होते आणि तिनेच संपते. ध्रुवपदासारखी. जनुकातही असंच असतं का?”

“ते जनुकातलं नाही गं. ती मूठ आहे. डीएनए कापणारं एक एन्झाइम हीच सहा अक्षरं पाहून कापते, म्हणून दोन्हीकडून लावून ठेवायची. पट्टी पुढं कुठं जोडायची झाली तर सोय. माझ्या आधीच्या माणसानं लावली, मी पण तीच…”

आणि त्या थांबल्या.

ताईंनी पेनचे टोपण लावले, काढले, पुन्हा लावले. ओळींकडे त्यांनी चष्म्याच्या वरून पाहिले, मग चष्म्यातून पाहिले, मग चष्मा काढून ठेवला. आठ अक्षरे, आणि त्यांना दोन्ही बाजूंनी चिकटून, माणसाने सोयीसाठी लावलेली सहा-सहा अक्षरे. जगातल्या प्रत्येक गोष्टीचा शेजार विचारणाऱ्या या बाईने पाच वर्षे रोज हातात घेतलेल्या पट्टीचा शेजार विचारला नव्हता. तो त्यांना मजकूर वाटलाच नव्हता, मूठ वाटली होती. आणि मुठीकडे कोण पाहते?

“हे फाडून टाक,” त्या हळूच म्हणाल्या. “नवं लिहू.”

नव्या पट्ट्यांत आठ अक्षरांच्या दोन्ही अंगांना जनुकातली खरीखुरी बारा-बारा अक्षरे होती. आठवड्याभरात त्या आल्या. प्रयोगाचे तत्त्व साधे होते. नुसती पट्टी जेलच्या लिबलिबीत थरातून वेगाने खाली धावते. प्रथिन अंगावर बसले, की जड होऊन वरच अडते आणि फिल्मवर त्या जागी काळी रेघ उमटते. ताई डार्करूममधून ओली फिल्म घेऊन आल्या. तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास होता. त्यांनी ती खिडकीशी धरली. जुन्या पट्टीची रेघ काजळाच्या बोटाने ओढावी तशी ठसठशीत. नव्या पट्टीच्या जागी पुसलेल्या पाटीवर राहून जाते, तेवढी एक धूसर सावली.

“चला,” ताई म्हणाल्या, “पेशी लबाड नव्हती.”

मी त्या दिवशी गाडीत रडले. मी तो प्रश्न विचारला नसता तर, असे काहीतरी म्हणाले.

“तू नसतं विचारलं तर पाच वर्षांनी दुसऱ्या कुणी विचारलं असतं. छापून आल्यावर. तेव्हा मी तोंड कुठं ठेवलं असतं? पूस डोळे. अन् रडत असली तरी सरळ बस, पोलिसाला दोन माणसं दिसली पाहिजेत.”

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांकडे गेल्या. मी सह्यांचे कागद घेऊन तिथेच उभी होते. साहेबांनी फिल्म बराच वेळ पाहिली. त्यांचा स्वतःचा आधीचा एक निबंधही त्याच पट्टीवर उभा होता. मग ते सौम्य स्वरात म्हणाले, “तू लिहिलेलं एकही वाक्य खोटं नाही, यंग लेडी. त्या पट्टीवर ते प्रथिन बसतंच. आहे तो निबंध पाठवून दे. हे जे नवीन सापडलंय, ते पुढच्या निबंधात सविस्तर लिहू.”

तुम्ही लक्षात घ्या, हे बोलणारा माणूस दुष्ट नव्हता. त्यांना ताई तिथे हव्या होत्या. त्यांनी उघडून दिलेले दार चांगले रुंद होते, आणि त्यातून बाहेर पडताना कुणाचाही पदर कुठे अडकला नसता.

ताई म्हणाल्या, “पुढच्यात खरं लिहू. मग यात आपण काय लिहिलं, डॉक्टर?”

साहेब आपल्या बुटांकडे पाहत राहिले. “सगळं पुन्हा करायला वर्ष लागेल.”

“हो.”

“तुझ्याकडे वर्ष नाही.”

“ते पण माहीत आहे.”

साहेबांनी फिल्म पाकिटात घातली आणि ते पाकीट दोन्ही हातांनी त्यांना परत दिले. “मग माझाही जुना निबंध आपण दुरुस्त करू,” ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी ताईंना यंग लेडी कधी म्हटले नाही. डॉक्टर म्हणू लागले.

मुलीला समजावणे त्याहून अवघड होते. त्या रविवारी मी त्यांच्याकडे होते. भिंतीवर बुद्धाचा फोटो, खाली टेबलावर घडी घातलेले म्युझिक स्टँड, ओट्यावर वड्यांचे सारण. सारे ऐकून मुलगी उठून उभी राहिली.

“आई, जस्ट सेंड इट ना! नोबडी विल नो!”

“तुला माहीत झालं नं आता. मला होतं, तुला झालं, अन् ही मावशी बसली आहे समोर. तिघी झाल्या.”

“आय हॅव बँड! आय हॅव फ्रेंड्स!”

“आहेत. ते सगळं आहे. म्हणून तर तुला विचारून सांगून राहिली आहे.”

“यू आर नॉट आस्किंग मी!”

ताईंच्या हातातली वडी अर्धवट वळलेली राहिली. “बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “विचारून नाही. सांगून राहिली आहे.”

दार आदळले. आतून क्लॅरिनेटचा एकच सूर पुन्हा पुन्हा, मुद्दाम चिरका, येत राहिला. ताईंनी वड्या तळल्या, सगळ्या जराशा करपल्या. मुलीने आठवडाभर आईशी अबोला धरला, आणि त्या आठवड्यात गाडीत रेडिओही लागला नाही.

एकदाच मी त्यांना विचारले, की इतके कठोर होणे गरजेचे होते का. त्यांनी उत्तर म्हणून वडिलांची गोष्ट सांगितली. वडील एका शाळेत प्रयोगशाळेचे शिपाई होते. टेबले पुसायची, बाटल्या भरायच्या, वर्ग संपला की नळ्या धुवायच्या. मुले प्रयोग करण्याआधीच पुस्तकातले उत्तर वहीत उतरवून मोकळी होत, आणि गुरुजी त्यावर सही करत. सगळे गेल्यावर वडील एकटेच तो प्रयोग करून पाहत आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आलेला आकडा लिहून ठेवत. बहुतेक वेळा तो पुस्तकातल्या आकड्याशी जुळत नसे. त्या कॅलेंडरवर सही करायला कुणी नव्हते.

“त्यांना भाड्याची खोली पण वस्तीबाहेर मिळाली नाही कधी,” ताई म्हणाल्या. “आडनाव विचारायचे अन् खोली भरली म्हणायचे. शेजार माणसाचं काय करते, ते मी पुस्तकातून नाही शिकली. पण बाबा म्हणायचे, लोक काही का लिहीनात आपल्या वहीत, आपण आपल्या वहीत आलं ते लिहायचं.” त्यांनी ब्लिंकर लावून लेन बदलली. “त्या कॅलेंडरांवरून मी इथपर्यंत आली. आता इथं येऊन तेच गुरुजींवालं करू?”

ते वर्ष ताईंनी कसे काम केले, ते मी पाहिले आहे. बाहेरची अक्षरे एकेक करून बदलायची, प्रत्येक बदलाला फिल्म, प्रत्येक फिल्मवर तारीख. जूनमध्ये अर्जाची मुदत उलटली, त्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माझ्या डब्यातले लोणचे मागून घेतले आणि “आंबट कमी आहे” म्हणाल्या, एवढेच. हळूहळू चित्र दिसू लागले. आठ अक्षरांना लागून असलेल्या दोनच अक्षरांनी सगळे ठरत होते. ती दोन जशी हवीत तशी असलेले एक वेगळेच, कुणाच्या ध्यानीमनी नसलेले जनुक त्यांना सापडले, आणि पेशीत ते प्रथिनाला तत्काळ प्रतिसाद देई. ती फिल्म त्यांनी मला बोलावून दाखवली. म्हणाल्या, “बघ, प्रथिन कसं मांडी घालून बसलं आहे.” त्या क्षणी त्यांचा चेहरा एखाद्या माहेरवाशिणीचा होता.

२००७च्या जूनमध्ये त्या गेल्या. विमानतळाच्या फुटपाथवर उष्ण, ओली हवा अंगाला चिकटत होती. मुलीने सगळे सामान चढवले, पण क्लॅरिनेटची पेटी कुणाच्या हाती दिली नाही. ती मला बिलगली आणि कानाशी चक्क मराठीत म्हणाली, “मावशी, आईला फोन कर हां रोज. ती सांगणार नाही, पण तिला करमणार नाही.”

मी रोज नाही, पण फोन करत राहिले. नागपुरात त्यांना एका महाविद्यालयात शिकवण्याची नोकरी मिळाली होती. “इथं मशीन आहे, बाई,” त्या सांगत. “वीज असते तेव्हा मशीनवाला नसतो, मशीनवाला येते तेव्हा वीज जाते. दोघांची पत्रिका जुळवून राहिली आहे मी.” त्या हसत, मीही हसे.

निबंध हिवाळ्यात छापून आला. थोड्याच दिवसांत दुसऱ्या राज्यातल्या एका प्रयोगशाळेने ताईंच्या पट्ट्या मागवल्या. असा रिवाजच आहे. निबंध छापला, की मागेल त्याला साहित्य पाठवायचे. साहेबांनी ते काम माझ्याकडे दिले.

ताईंच्या जागी अजून कुणी आले नव्हते. मी डीप फ्रीझरचे जड दार ओढले. पांढरी वाफ पायांवर सांडली. त्यांचा खोका खालच्या फळीवर होता. आत बोटाच्या पेरापेक्षा जराशा मोठ्या, दाटीने उभ्या केलेल्या नळ्या, आणि सगळ्यांवर बर्फाची लव. मी एक नळी उचलून अंगठ्याने बर्फ पुसला, आणि गारठ्याने चरचरणाऱ्या कातडीखाली अक्षरे वर आली. मग दुसरी, मग तिसरी. शेवटच्या तीन आठवड्यांत ताई टोकदार पेन घेऊन नुसत्याच बसलेल्या दिसत, तेव्हा त्या काय करत होत्या, हे मला आत्ता कळत होते. इतर सगळ्यांच्या नळ्यांवर मालकाचे नाव आणि एक क्रमांक असतो. मालक गेला, की त्या क्रमांकाचा अर्थही त्याच्याबरोबर जातो. ताईंनी प्रत्येक नळीवर गोल गोल फिरवत संपूर्ण पट्टी लिहिली होती. जुन्या पट्टीच्या नळ्याही त्यांनी टाकल्या नव्हत्या. दोन्ही टोके माणसाने जोडलेली आहेत, जनुकातली नाहीत, असे त्यांवर इंग्रजीत स्पष्ट लिहून ठेवले होते.

फ्रीझर उघड्या दाराबद्दल तक्रार करू लागला, तरी मी एक नळी उजेडात फिरवून पाहत होते. आठ अक्षरे, त्यांच्या डावीकडची सगळी, उजवीकडची सगळी, आणि तारीख. एवढे लिहून झाल्यावर त्या इवल्याशा नळीवर ताईंच्या नावापुरती जागा उरली नव्हती.